वाढणाऱ्याचा न्याय

साठ वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचें घर त्या काळीं चौदा-पंधरा माणसांचें होतें. आजोबा पेन्शन घेऊन घरीं बसलेले, तीन काका, त्यांच्या बायका, आम्ही मुलें आणि कायमचे म्हणतां येतील असे दोन पाहुणे. आजोबांनीं सारी हयात न्यायखात्यांत काढलेली. त्यामुळें घरांतहि त्यांचा एक कायदा चालत असे. जें कांहीं घरांत येईल तें सर्वांना सारखें मिळालें पाहिजे, हें त्या कायद्याचें पहिलें कलम. आंब्याची पेटी आली कीं माणसीं दोन. दिवाळीचे लाडू माणसीं चार. रात्रीचें दूध माणसीं एक पेला. थोरल्या नातवाला अधिक आणि धाकट्याला उणें असें त्यांनीं कधीं होऊं दिलें नाहीं. शेजारच्या घरीं लाडक्या मुलाला सायीची वाटी आणि इतरांना निवळ ताक मिळे. तें पाहून आपलें घर म्हणजे साक्षात् रामराज्य, अशी आम्हां मुलांची खात्री झाली होती.

त्या वर्षीं धाकट्या काकूंना दिवस राहिले होते. सातव्या महिन्यांत त्या एके दुपारीं विहिरीजवळ घेरी येऊन पडल्या. डॉक्टर आले. त्यांनीं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखें पाहिलीं, आणि आजोबांस विचारलें, "यांना जेवायला काय देतां?"

आजोबा म्हणाले, "आमच्या घरीं सर्वांना सारखें असतें."

डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सारखें असेल, पण तें पंगतीबरोबर कीं पंगत उठल्यावर?"

आजोबांजवळ याचें उत्तर नव्हतें. स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या असलेल्या आजीजवळ होतें. आजोबांचा कायदा होता तो पहिल्या पंगतीचा. दुसरी पंगत बायकांची. तींत पातेल्याच्या तळाशीं उरलेलें सारखें वांटलें जात असे, आणि अवचित कोणी आलें तर तेंहि उरत नसे. काकूंच्या नांवचा दुधाचा पेला मोजला जाई खरा, परंतु तो एकाद्या हट्टी मुलाच्या पोटांत जाई. आणि तें मूल बहुधा मीच असें.

दुसऱ्या दिवसापासून घरांत एक नवी रीत सुरू झाली. पहिल्या पंगतीचे पाट मांडण्यापूर्वींच आजी एक ताट वाढून फडताळांत झांकून ठेवूं लागली. त्यांत भाकरी, उसळ, पालेभाजी, वरणावर तूप, आणि एकाऐवजीं दोन पेले दूध. दोन-तीन दिवसांनीं आजोबांनीं विचारलें, "हें कोणाचें ताट?" आजी म्हणाली, "जिला दोन जिवांचें जेवायचें आहे तिचें. तुमच्या कायद्यानें माणसें मोजलीं. मीं भूक मोजली."

काकूंची ती मुलगी सुखरूप जन्मली. आज ती स्वतः आजी झाली आहे. परंतु आजीचें तें वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं. पुढें मोठमोठ्या ग्रंथांतून समता आणि न्याय यांविषयींचा जो वाद वाचला, त्याचें सार त्या एका वाक्यांत होतें असें आतां वाटतें.

'समान' आणि 'न्याय्य' हे दोन शब्द आपण बोलतांना एकाच अर्थानें वापरतों. समान वांटणी म्हणजे प्रत्येकास तितकेंच देणें. न्याय्य वांटणी म्हणजे ज्याला जितकें लागतें तितकें पोंचेल असें देणें. कायद्याच्या भाषेंत या दुसऱ्या तत्त्वाला 'समन्याय' असें नांव आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत याविषयीं एक सुंदर दृष्टान्त दिला आहे. लेस्बॉस बेटांतील गवंडी मोजमापासाठीं शिशाची पट्टी वापरीत. लोखंडाची पट्टी ताठ; दगड ओबडधोबड असला तर ती त्याला कांहीं ठिकाणींच टेकते. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वांकते. कायदा सर्वसामान्य माणसासाठीं केलेला असतो, आणि प्रसंग मात्र नेहमीं विशेष असतो. म्हणून न्यायाला कधीं कधीं शिशाची पट्टी लागते, असा त्याचा आशय. येथें मोजणें सोडून द्यावयाचें नसतें. माणसाच्या अंगाला लागेल अशा रीतीनें मोजावयाचें असतें.

हा विचार आपल्या घरांना परका आहे असें मात्र कोणी समजूं नये. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू घरांतल्या सर्वांना माणसीं दोन असे वांटल्याचें कोणी पाहिलें आहे काय? ते बाळंतिणीचे. दांत पडलेल्या आजोबांना मऊ भात, तान्ह्याच्या आईला शेपूची भाजी, आजाऱ्याला पेज, परीक्षेच्या दिवसांत जागणाऱ्या मुलाला दूध, हें सारें समतेच्या कांट्यावर तोलून पाहिलें तर पक्षपातच ठरेल. तरी त्याबद्दल घरांत कोणी तक्रार करीत नाहीं. कारण गरज सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. अडचण येते ती गरज डोळ्यांआड असली म्हणजे. सव्वा महिना झाला कीं बाळंतीण पुन्हा दुसऱ्या पंगतीला बसते. मूल मात्र आईच्या दुधावर पुढेंहि कित्येक महिने वाढत असतें.

घराच्या उंबऱ्याबाहेर हा प्रश्न फार मोठा होतो, कारण तेथें वाढणारा हात सरकारचा असतो आणि पंगत कोट्यवधींची. सरकारला प्रत्येकाच्या पोटांत डोकावतां येत नाहीं. त्याला नियम करावा लागतो, आणि नियम केला कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं सारखें द्यावयाचें तें कोणत्या मापानें? दर घरीं सारखें, दर माणशीं सारखें, कीं दर एकरीं सारखें? अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं १९७९ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत जें व्याख्यान दिलें, त्याचा मथळाच 'समता कशाची?' असा होता. समतेचा पुरस्कार करणारे सर्वजण कोठेंतरी समानच मागत असतात. त्यांचें भांडण माप कोणतें यावर असतें.

याचें ठळक उदाहरण आपल्या रेशनच्या दुकानांत सांपडतें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें दोन प्रकारचीं कुटुंबें मानलीं आहेत. 'प्राधान्य' कुटुंबास दर माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें. त्यांहूनहि गरीब अशा 'अंत्योदय' कुटुंबास दर कुटुंबीं ३५ किलो मिळतें. ऐकतांना दुसरी व्यवस्था अधिक उदार वाटते, आणि लहान कुटुंबापुरती ती तशी आहेहि. म्हातारा-म्हातारी दोघेंच असलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास साडेसतरा किलो येतें. पण त्याच अंत्योदय कार्डावर दहा माणसें असलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास साडेतीन किलो येतें, आणि शेजारच्या, त्यांच्यापेक्षां बऱ्या स्थितींतल्या, दहा माणसांच्या प्राधान्य कुटुंबास मात्र ५० किलो मिळतें. सात माणसांपर्यंत हिशेब जुळतो. आठवें माणूस आलें कीं अति गरीब असणें हाच तोटा होऊन बसतो. या नियमांत कोणाचा वाईट हेतु नाहीं. आमच्या आजोबांचाहि नव्हता. त्यांनीं माणसें मोजलीं आणि भूक राहून गेली. येथें चुली मोजल्या आणि माणसें राहून गेलीं.

त्याच कायद्याच्या मूळ परिशिष्टांत शिशाची पट्टीहि आहे. अंगणवाडींतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलास रोज ५०० उष्मांकांचा आहार ठरविला आहे. पण जें मूल कुपोषित आहे त्यास ८००. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातेस ६००. अंगणवाडीच्या दारांत दोन मुलें उभीं असतां एकास मोठा वाडगा व दुसऱ्यास लहान वाडगा दिला जातो, आणि यांत समतेचा भंग झाला असें कोणीहि समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. आपल्या घटनेंतहि अनुच्छेद १४ सर्वांस कायद्यापुढें समान मानतो, आणि लागलीच पुढें अनुच्छेद १५ चें तिसरें कलम स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष तरतूद करण्याची मुभा ठेवतें.

गेल्या महायुद्धांत इंग्लंडनें या बाबतींत जें केलें तें अभ्यासण्यासारखें आहे. ८ जानेवारी १९४० रोजीं तेथें लोणी, साखर आणि डुकराचें खारवलेलें मांस यांचें रेशन सुरू झालें. श्रीमंत असो वा गरीब असो, कार्डावर माप एकच. पण या समान पायावर त्यांनीं गरजेचे मजले चढविले. जुलै १९४० पासून गर्भवती स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि पांच वर्षांखालील मुलें यांना रोज एक पाइंट दूध अल्प किंमतींत, आणि ज्यांना तेंहि परवडत नसे त्यांना फुकट मिळूं लागलें. त्यांची रेशनपुस्तिका हिरव्या रंगाची असे. खाणकामगार व शेतमजूर यांना चीज इतरांपेक्षां जास्त. जे मांस खात नसत त्यांनाहि मांसाच्या बदल्यांत जास्त चीज. आश्चर्य हें, कीं बॉम्ब पडत असतांना आणि अन्नाची टंचाई असतांनाहि युद्धाच्या अखेरीस तेथील बालमृत्यूचें प्रमाण युद्धापूर्वीपेक्षां खालीं आलें होतें. आपल्याकडेहि १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि त्या काळच्या व्यवस्थेंत अंगमेहनतीचें काम करणाऱ्यांस सामान्य मापाहून अधिक धान्य देण्याची सोय होती. बैठें काम करणाऱ्या कारकुनास आणि गोदीवर पोतीं वाहणाऱ्या हमालास एकच माप देणें, म्हणजे हमालास उपाशी ठेवणें हें तेव्हांच्या अधिकाऱ्यांस उमगलें होतें.

अन्नाप्रमाणेंच पाण्याचें. पुणें जिल्ह्यांतला पुरंदर तालुका अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळांत विलासराव साळुंखे नांवाचे एक अभियंते-कारखानदार तेथील लोकांची दैना पाहून अस्वस्थ झाले. नायगांव येथें देवस्थानची ४० एकर ओसाड जमीन त्यांनीं कसावयास घेतली, पाणी अडविलें, जिरविलें, आणि त्या अनुभवांतून 'पाणी पंचायत' ही चळवळ उभी राहिली. तिचे नियम वाचले कीं आजीच्या ताटाची आठवण होते. पाणी ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणांत देण्याची रीत सर्वत्र आहे, आणि दर एकरीं सारखें म्हणून ती समतेची दिसतेहि. परंतु तिच्यामुळें ज्याच्याजवळ पन्नास एकर त्याला पाणी पन्नासपट, आणि ज्याला जमीनच नाहीं त्याला थेंबहि नाहीं. साळुंखे यांनीं माप बदललें. पाणी घरांतील माणसांच्या संख्येवर. माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि जास्तींत जास्त पांच माणसांचें, म्हणजे अडीच एकरांचें. भूमिहीनालाहि पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकलें जावयाचें नाहीं. ऊंसासारखें तहानलेलें पीक घ्यावयाचें नाहीं. आणि योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा शेतकऱ्यांनीं स्वतः उचलावयाचा. कारण फुकट मिळालेल्या हक्काची राखण कोणी करीत नाहीं. साळुंखे २००२ सालीं वारले, पण पाणी माणसासाठीं आहे, सातबाराच्या उताऱ्यासाठीं नाहीं, हा त्यांचा विचार अजून कोणी खोडून काढलेला नाहीं.

येथवर वाचून एकादा चिकित्सक वाचक म्हणेल, "हें सर्व ठीक, पण मग समतेला कांहींच किंमत नाहीं काय? प्रत्येकाची गरज वेगळी म्हटली, कीं ती ठरविणाऱ्याच्या हातांत सारी सत्ता गेली. मग ओळखीच्या माणसाची गरज मोठी ठरेल आणि मुक्याची गरज दिसणारच नाहीं." ही शंका अगदीं रास्त आहे, आणि तिला बगल देणें अप्रामाणिकपणाचें होईल.

समतेची किंमत काय, हें ज्यांना ती नाकारली गेली त्यांना विचारावें. महाडच्या चवदार तळ्यावर सर्व माणसें, एवढेंच नव्हे तर जनावरेंहि पाणी पीत असत. अस्पृश्य मानलेल्या माणसांस मात्र तेथें मज्जाव होता. १९२४ सालीं नगरपालिकेनें तळें सर्वांना खुलें असल्याचा ठराव केला, तरी तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी त्या तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां त्यांना मारहाण झाली आणि पुढें तळ्याचें 'शुद्धीकरण' करण्यांत आलें. हक्काचा वाद न्यायालयांत गेला, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयानें अखेरचा निकाल दिला तो १९३७ सालीं. एका ओंजळीसाठीं दहा वर्षें! त्या तळ्याच्या कांठीं कोणी 'ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें' असें म्हटलें असतें तर ती थट्टा झाली असती. तेथें हवी होती ती साधी, कोरडी, ताठ समता. आमच्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें, कारण मज्जाव करणाऱ्यांत आमचेहि पूर्वज होते. न्याय्य वांटणीचा विचार दाराच्या आंत येतो. दार सर्वांना उघडें करणें हें समतेचें काम आहे, आणि तें आधीं झालें पाहिजे.

दुसरें असें, कीं गरजेची पारख करूं गेलें म्हणजे चुका होतात. जून १९९७ पासून आपल्याकडे रेशनचें धान्य सर्वांऐवजीं मुख्यतः दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांस स्वस्त दरानें देण्याचें धोरण आलें. हेतु न्याय्य वांटणीचाच होता. पण गरीब कोण याची यादी करतांना कित्येक खरे गरीब बाहेर राहिले आणि कित्येक सुस्थितींतले आंत शिरले. तमिळनाडूनें हा मार्ग न धरतां आपलें रेशन सर्वांसाठीं खुलेंच ठेवलें. सर्वांना दिलें तर कांहीं धान्य गरज नसलेल्यांच्याहि घरीं जातें, हें खरें. पण ज्याला हवें तो वगळला जात नाहीं. निवडून देण्यांतील एक चूक भांडाराला जड जाते, दुसरी चूक माणसाला. या दोन चुकांचें वजन सारखें नाहीं.

म्हणून मला असें वाटतें, कीं समता आणि न्याय्यता यांना सवती समजणें बरें नव्हे. समता हें जोतें आहे. त्याच्याखालीं कोणासहि उतरूं देऊं नये. न्याय्यता ही त्यावरची भिंत. ती ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें कोठें उंच, कोठें ठेंगणी. आणि गरजेचीं गमकें अशीं असावींत कीं तीं सर्वांना दिसतील व आधीं जाहीर होतील. घरांतील माणसांची संख्या, मुलाचें वय आणि वजन, गर्भारपण, कामाचा प्रकार, आजार हीं तशीं गमकें आहेत. वाढणाऱ्याची मर्जी हें गमक नव्हे.

आतां पुन्हा आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. कारण सरकारला नांवें ठेवणें सोपें असतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं भारतीयांच्या आहाराचीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं आहेत. बैठें काम करणाऱ्या पुरुषास रोज २११० उष्मांक पुरतात. मध्यम कष्टाचें काम करणाऱ्या स्त्रीस २१३० लागतात. ती पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजत असेल तर आणखी ६००. पुरुषास लोह लागतें रोज १९ मिलिग्रॅम. पुनरुत्पादनाच्या वयांतील स्त्रीस २९. आतां आपल्या घरांतील पानें आठवा. 'पुरुष कष्ट करतात, त्यांना जास्त हवें' असें म्हणून ज्यांच्या पानांत भाजीचा दुसरा डाव पडतो, ते पुष्कळदां दिवसभर खुर्चीवर बसलेले असतात. आणि ज्या पहांटेपासून उभ्या असतात त्यांच्या वांट्यास पातेल्याचा तळ येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या रक्तांत पांडुरोग आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत शेंकडा २५. या आंकड्यांस कारणें अनेक आहेत. पण त्यांतलें एक आपल्या फडताळापासून चार हातांवर आहे.

कोणी म्हणेल, आतां तसें राहिलें नाहीं. टेबलावर सर्व एकदमच जेवतात. ज्या घरीं तसें असेल त्या घरास नमस्कार. तरीहि एक दिवस नुसतें पाहावें, कीं गरम पोळी कोणाच्या पानांत पडते आणि सकाळची शिळी कोण उचलतें. दूध कमी असलें कीं 'मला नको' असें प्रथम कोण म्हणतें. घरांत कामाला येणाऱ्या बाईंच्या हातावर काय ठेवलें जातें. 'मला नको' हें वाक्य आपण त्याग म्हणून गौरवितों. पण एकाच व्यक्तीच्या तोंडीं तें रोज येत असेल, तर तो त्याग राहिलेला नसतो. तो घराचा नियम झालेला असतो, आणि तो कोणीहि लिहिलेला नसतो म्हणून तो बदलणेंहि कठीण.

आमच्या आजीला लिहितां-वाचतां बेताचेंच येत असे. समन्याय हा शब्द तिनें कधीं ऐकला नसेल. पण तिनें जें केलें त्यांत सारें शास्त्र होतें. तिनें कोणाचें ताट काढून घेतलें नाहीं. पहिल्या पंगतीचें माप तसेंच राहिलें. जिची गरज मोठी, तिचें पान मात्र आधीं वाढलें. उरलें तर देऊं, असें म्हटलें नाहीं. ताट फडताळांत झांकून ठेवलें, पण लपविलें नाहीं. विचारणाऱ्यास कारण सांगितलें. आणि आजोबांनींहि एक गोष्ट केली, जी त्यांच्या सबंध नोकरींतल्या निकालांपेक्षां मला मोठी वाटते. आजीचें उत्तर ऐकून ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं जेवावयास बसण्यापूर्वीं ते फडताळापाशीं गेले, झांकण उचलून पाहिलें, आणि आपल्या वाटींतलें तूप त्या भातावर ओतून मग पाटावर येऊन बसले.